बोटाला सापडलेली तापी

दहावीतल्या एका अंध मुलीसाठी मी खान्देशातल्या नद्यांचा, उठलेल्या रेघा बोटाने वाचायचा नकाशा काढला होता. पहिल्या प्रतीवर तिचं बोट चांगदेवपाशी अडलं. पूर्णा तिथे तापीला मिळते. "मॅडम, नदी आठेच सरनी का?" तिने अहिराणीत विचारलं. नदी कुठली सरतेय! तालुक्याची हद्द, रस्ता आणि पूर्णा अशा तिन्ही रेघा मी तिथे एकमेकींना खेटून काढल्या होत्या. त्या गर्दीत तापी हरवली.

डोळ्याला अख्खं चित्र एकदम दिसतं. बोट मात्र ते रेघेरेघेने वाचतं आणि हाताला लागलेलं लक्षात ठेवत जातं. शिवाय बोटाच्या टोकावर दोन स्पर्श वेगळे कळायला त्यांच्यात साधारण २ मिलिमीटर अंतर लागतं. ब्रेलच्या एका अक्षरातले ठिपकेही सुमारे अडीच मिलिमीटर अंतरावर असतात. छापील नकाशात याहून जवळ असलेल्या कितीतरी रेघा आपण सहज वेगळ्या ओळखतो. बोटाला त्यांचा एकच खरखरीत पट्टा लागतो.

असे नकाशे ज्या कागदावर उमटवतात, त्यावर उष्णतेने फुगणाऱ्या अतिसूक्ष्म कुप्यांचा थर असतो. चित्र काळ्या शाईत छापून कागद अवरक्त (इन्फ्रारेड) दिव्याच्या यंत्रातून काढायचा. काळा रंग उष्णता शोषतो, त्याच्या खालच्या कुप्या फुगतात आणि तेवढीच रेघ वर उठते. पांढरा भाग सपाट राहतो. करडा रंग अर्धवट फुगतो, म्हणून छटा टाळायच्या. पाठ्यपुस्तकातला रंगीत नकाशा स्कॅन करून थेट या कागदावर घेतला तर काय होईल, हे यावरून लक्षात येईल.

चित्र काढायला मी इंकस्केप हे सॉफ्टवेअर वापरते. ते मोफत आहे आणि त्यातली रेघ कधीही हलवता, जाड करता किंवा पुसता येते. जुना नकाशा खालच्या थरावर ठेवून मी तापी नव्याने गिरवली. बारीक वळणं सोडून दिली. तापी जाड, उपनद्या बारीक, शेजारच्या दोन रेघांत निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा. हद्द आणि रस्ता काढूनच टाकले. ते हवे असतील तर वेगळ्या कागदावर. नावंही पूर्ण लिहिली नाहीत. तापीसाठी 'त', गिरणेसाठी 'ग', आणि पूर्णा-पांझरा दोन्ही 'प'वरच्या म्हणून 'पू' आणि 'पां'. पूर्ण नावांची सूची वेगळ्या पानावर.

इथे माझी एक मोठी चूक झाली. नकाशा ए-फोर कागदावर मावेना, म्हणून मी सगळं एकत्र निवडून लहान केलं. त्यासोबत ब्रेलही आकसलं आणि ठिपके एकमेकांत मिसळले. चित्र कितीही लहान-मोठं करा, ब्रेलचा आकार बदलता येत नाही. तेव्हापासून ब्रेलचा थर मी वेगळा ठेवते आणि कुलूपबंद करते.

प्रत्येक गोष्टीचं चित्र काढत बसू नये, असंही माझं ठाम मत आहे. केळीच्या खोडाचा छेद शिकवायचा असेल तर रावेर-यावलच्या मुलांच्या हातात खोडाचा खरा तुकडाच द्यावा. पानांचे बुडाचे भाग एकावर एक कसे गुंडाळलेत, ते सोलत सोलत कळतं. उठावचित्र हवं ते हातात न मावणाऱ्या गोष्टींसाठी. नदी त्यातलीच.

दुसऱ्या प्रतीवर तिने डाव्या हाताचं बोट चांगदेवला रोवून ठेवलं आणि उजव्याने तापी धरून पश्चिमेला निघाली. वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा. प्रत्येक संगमावर थांबून ती उपनदी उगमाकडे चाचपून यायची. वरच्या अंगाने आलेली अनेर तिला चटकन संपल्यासारखी वाटली. ती पुन्हा मागे गेली, सगळ्या रेघा बोटांनी मापल्या आणि म्हणाली, "खालून येणाऱ्या नद्या एवढ्या लांब, आणि वरून येणारी एवढीशीच का?"

कारण उत्तरेला सातपुडा तापीच्या अगदी जवळ उभा आहे. माझ्या नकाशात तो नव्हताच. तिसऱ्या प्रतीत वरच्या कडेला ठिपक्यांचा एक पट्टा काढला आहे, नदीपासून पुरेशी जागा सोडून.