चटणीची किती पाकिटं परत मागवायची?

सोलापूरकडे शेंगाचटणी करणारी छोटी युनिट्स असतात ना, त्यातलं एखादं डोळ्यासमोर आणा. दाणे भाजले, कुटले, पाकीट सील केलं, बॅच नंबर म्हणून त्या दिवसाची तारीख मारली की झालं. आता समजा लॅबचा रिपोर्ट आला की चटणीत अफ्लाटॉक्सिन जास्त आहे, तर दुकानांतून किती पाकिटं उचलायची?

अफ्लाटॉक्सिन म्हणजे बुरशीचं विष, दाणे नीट वाळले नाहीत की ती बुरशी धरते, आणि भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. त्यात ते पोत्यात सगळीकडे सारखं नसतंच, मोजकेच दाणे भयंकर खराब असतात आणि बाकीचे चांगले, त्यामुळे एक पाकीट टेस्टमध्ये पास झालं म्हणजे शेजारचं पण ठीक असं काही म्हणता येत नाही. मग पाकिटं तपासत बसण्यापेक्षा ते पोतं शोधायचं आणि त्यातला माल जिथे जिथे गेला तिथून उचलायचा. पण नुसत्या तारखेवरून पोतं कसं कळणार? एका दिवसात दोन व्यापाऱ्यांची पोती फुटलेली असतात, शिवाय डंख, म्हणजे कुटायचं यंत्र, मधे धुतलेलाच नसेल तर कालचा माल आजच्यात मिसळतो. म्हणून बॅच धरायची ती एका धुण्यापासून पुढच्या धुण्यापर्यंत, आणि वहीत त्या नंबरसमोर दाणे, तिखट, मीठ सगळ्यांचे लॉट लिहायचे. लिहिलं नसेल तर महिनाभराचा माल परत, दुसरा इलाज नाही.

तिखटाचं तर विचारूच नका. २००५ मध्ये ब्रिटनमध्ये एका वूस्टर सॉसमध्ये सुदान १ हा कारखान्यातला लाल रंग सापडला, तो आला होता भारतातून गेलेल्या मिरची पावडरमधून. तो सॉस पुढे पिझ्झा, सूप, रेडी मील अशा कशाकशात गेलेला, म्हणून ४०० हून जास्त पदार्थ शेल्फवरून काढावे लागले!

आपल्याकडे एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचे रिकॉलचे, म्हणजे माल परत मागवण्याचे, नियम २०१७ पासून आहेत, उत्पादकाकडे लेखी प्लॅन हवा असं त्यात आहे. पण फाइलमधल्या कागदापेक्षा मला सराव जास्त कामाचा वाटतो. कुठल्याही किराणा दुकानातून स्वतःचंच एक पाकीट आणा, घड्याळ लावा आणि बघा, त्याचे दाणे कुठल्या पोत्यातले आणि त्याच बॅचची बाकीची पाकिटं आत्ता कुणाकुणाकडे आहेत हे वहीतून काढायला किती वेळ लागतो. पहिल्या खेपेला बहुतेक तिखटाच्या बिलापाशीच अडकाल.