पेटीतलं जुनं लुगडं नेमकं किती जुनं? आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकी माहेरी आल्या की घरोघरी पेट्या उघडतात. त्यानंतरचे काही आठवडे आमच्या जळगावच्या दुकानात रफूला आणि दुरुस्तीला जुनी लुगडी, शालू, पागोटी, कुंच्या येत राहतात. सोबत प्रश्न येतो, "हे किती जुनं असेल हो?" घरच्यांना स्वतःला अंदाज बांधता यावा आणि घाईत त्या वस्त्राचं नुकसान होऊ नये, म्हणून हे पत्रक काढलं आहे.

पहिली विनंती अशी, की आमच्याकडे आणण्यापूर्वी वस्त्र धुऊ नका, इस्त्री करू नका, ड्रायक्लीनला टाकू नका. डाग, घड्यांच्या खुणा, कडेचा चुरगळलेला शिक्का हे सगळं आमच्या उपयोगाचं असतं. शिवाय जुनं नकली रेशीम, म्हणजे रेयॉन, ओलं झालं की फार कमजोर होतं आणि बादलीतच फाटतं.

आधी मूळचं काय, मागून जोडलेलं काय

वय ठरवताना मूळच्या विणकामातली किंवा शिलाईतली सगळ्यांत नवी गोष्ट शोधायची. एखाद्या बंडीची मूळ शिवण टेरेलीनच्या, म्हणजे पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असेल तर ती बंडी १९६०च्या आसपासची किंवा त्यानंतरची, मग कापड कितीही जुनाट दिसो. अडचण एवढीच, की आपल्याकडे कापड कुणी वाया घालवत नसे. लुगडं विरलं की त्याचे काठ-पदर उसवून नव्या अंगावर चढवत. नऊवारी कापून सहावारी करत आणि उरलेल्याचं परकर-पोलकं शिवत. शालूच्या तुकड्याची बाळासाठी कुंची होई, उरलंसुरलं गोधडीत जाई. त्यामुळे एकाच वस्त्राला दोन-तीन वयं असतात. "पणजीची पैठणी" म्हणून आलेल्या साडीचा पदर खरोखर पणजीच्या काळचा आणि अंग नातसुनेच्या लग्नातलं, असं वारंवार दिसतं. यात कमीपणा काहीच नाही, उलट घराचा इतिहास त्या जोडात जास्त कळतो. म्हणून जोडाची शिवण कृपा करून उसवू नका.

साडीला फॉल लावलेला असेल तर तो बहुधा मागाहून आलेला. त्यावरून साडीचं वय ठरवू नये. हाताची शिलाई म्हणजे जुनं, हाही कच्चा पुरावा आहे. शिवणयंत्र एकोणिसाव्या शतकातच भारतात आलं, पण खेड्यापाड्यांत हातानं चोळ्या शिवणं त्यानंतरही बरीच वर्षं चाललं. उलट बाजूनं मात्र पुरावा पक्का असतो. मूळ शिवण यंत्राची असेल तर ते वस्त्र पेशवाईतलं नाही, एवढं ठाम सांगता येतं.

शिक्के, पावत्या, खोके

इथेच सगळ्यांत भरवशाची माहिती मिळते आणि नेमकी हीच लोक टाकून देतात. गिरणीच्या कापडाच्या टोकाला शिक्का असे. जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव इथल्या गिरण्यांचं कापड खानदेशात घरोघरी होतं, त्यामुळे धोतराच्या किंवा लुगड्याच्या आतल्या टोकाला पुसट निळी अक्षरं दिसली तर जपा. लांबी वारात असेल तर कापड बहुधा १९६०च्या आधीचं. मीटर १९५८पासून टप्प्याटप्प्याने आले आणि १९६२पर्यंत सगळीकडे लागू झाले. छापलेली किंमतही बोलते. दुसऱ्या महायुद्धात, १९४३पासून, कापडावर सरकारी नियंत्रण आलं आणि गिरणीच्या मालावर किंमत छापावी लागे. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी असलेलं "कंट्रोलचं कापड" ते हेच.

पावतीवर आणे-पै असतील तर ती साधारण १ एप्रिल १९५७च्या आधीची. "नये पैसे" लिहिलं असेल तर १९५७ ते १९६४ या सात वर्षांतली. पत्ता नीट वाचा. "पू. खानदेश" किंवा "प. खानदेश" असेल तर पावती १९०६ ते १९६० यांमधली, कारण १९०६मध्ये खानदेश जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि १९६०मध्ये त्यांना जळगाव आणि धुळे ही नावं मिळाली. नंदुरबारच्या दुकानाच्या पावतीवर "जि. धुळे" असेल तर ती १९६० ते १९९८ मधली धरावी. पिनकोड छापलेला असेल तर १९७२च्या नंतरची.

एक घोटाळा मात्र सांभाळा. आपल्याकडच्या गुजराती-मारवाडी पेढ्यांच्या चोपड्यांत विक्रम संवत लिहीत, तर लग्नपत्रिकांवर आणि पंचांगावर शके असे. संवतातून ५७ वजा करा, शकेत ७८ मिळवा (वर्षाच्या सुरुवाती-अखेरीस एखाद्या वर्षाचा फरक पडतो). दोहोंत १३५ वर्षांचं अंतर आहे. संवत १९८५ला शके समजलं तर साडी २०६३ सालची निघेल, हे लगेच खटकतं. पण नुसतं "१९८५" पाहून ते इंग्रजी साल समजलं, तर १९२८चं लुगडं कालपरवाचं ठरून मोलकरणीला दिलं जातं.

रंग, धागा, जर

विल्यम पर्किन यांनी १८५६मध्ये पहिला रासायनिक रंग काढला, तो जांभळा होता. कृत्रिम नीळ बाजारात आली १८९७मध्ये. रासायनिक रंग येण्याआधी आपल्याकडचा लाल रंग आल नावाच्या झाडाच्या मुळ्यांचा असे. खानदेशातही आलाची लागवड होई. तो लाल विटकरीकडे झुकणारा, धुऊनही टिकणारा. सुरुवातीचे रासायनिक गुलाबी-जांभळे उन्हानं विटतात, म्हणून घडीच्या आत पाहा. बाहेर मळकट आणि आत झगझगीत राणी रंग असेल तर कापड एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीचं किंवा त्यानंतरचं मानावं. रंग सुटतो का ते पाहायला ओला कापूस घासून बघू नका, ते काम आमच्यावर सोडा.

खऱ्या जरीत चांदीची चपटी तार, कधी सोन्याचा मुलामा दिलेली, दोऱ्यावर गुंडाळलेली असते. झिजलेल्या जागी भिंगातून आतला दोरा दिसतो. चांदी काळवंडते, तांब्याची जर लालसर पडते किंवा हिरवी धरते. अजिबात न बदलता चकचकीत राहिलेली जर बहुधा प्लास्टिकची, म्हणजे गेल्या साठ-सत्तर वर्षांतली.

पैठणी असेल तर पदर उलटा करा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी जवळपास सारखाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच फिरून मागे वळतो. मागच्या बाजूला धाग्यांचे लोंबते पूल असतील तर ते यंत्रमागाचं काम. मोर दिसला म्हणजे पैठणी जुनी, असं धरू नका.

घरातली माणसं काय सांगतात

आठवणी आम्ही फार मोलाच्या मानतो, पण त्या कापडाशी ताडून पाहतो. पूर्व खानदेशातल्या काही घरांत "आजी हेच लुगडं नेसून फैजपूरच्या काँग्रेसला गेल्या होत्या" असं सांगतात. ते अधिवेशन डिसेंबर १९३६चं. लुगडं हातसुताच्या खादीचं असेल, सूत कुठे जाड कुठे बारीक असेल, तर गोष्ट कापडाशी जुळते. त्यात रेयॉनची किनार निघाली तर तेही अशक्य नाही, रेयॉन तेव्हा परदेशातून येई. नायलॉन निघालं तर मात्र लुगडं वेगळं. आठवण तरीही खरी असू शकते, फक्त ती दुसऱ्या लुगड्याची असते. घरातल्या सर्वांत वयस्कर बाईंना साल विचारू नका. "तुमच्या लग्नात हे होतं का? तेव्हा धाकटे दीर केवढे होते?" असं विचारा. जुना फोटो असेल तर काठाची रुंदी आणि नक्षी मोजून जुळवता येते.

एक कळकळीचं सांगणं

दारावर येणाऱ्या जरवाल्याला जुना शालू देऊ नका. तो वजनावर घेतो आणि चांदीसाठी जाळतो. अशा कितीतरी पैठण्या खानदेशातून गेल्या आणि त्यांचा फोटोही मागे राहिला नाही. विकायचंच असेल तर आधी आम्हाला एकदा दाखवा. पाहण्याचे पैसे घेत नाही.

घरी ठेवताना धुतलेल्या जुन्या मलमलीत किंवा धोतराच्या फडक्यात गुंडाळा. प्लास्टिकची पिशवी नको, वर्तमानपत्र नको, डांबरगोळी जरीला लागायला नको, अत्तर तर नकोच. वर्षातून दोनदा घडीची जागा बदला, नाहीतर रेशीम त्याच रेघेवर कातरतं. वारं द्यायचं तर सावलीत. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन जुन्या रेशमाला सोसत नाही.

आणताना

वस्त्राबरोबर खोकं, पावती, पत्रिका, फोटो, सुटलेले धागे, तुटलेली बटणं, जे असेल ते घेऊन या. आम्ही एकच साल सांगत नाही. वीसेक वर्षांचा पट्टा आणि त्यामागची कारणं कागदावर लिहून देतो, अंग, काठ, पदर यांची वेगवेगळी. शक्यतो सकाळी अकरा ते दुपारी चारच्या दरम्यान या. ट्यूबलाइटखाली जुने रंग नीट ओळखता येत नाहीत, ते दाराशी उजेडात पाहावे लागतात.