वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड

वॉल्विस बे आणि स्वाकोपमुंड ही नामिबियाच्या अटलांटिक किनाऱ्यावरची दोन शेजारची शहरं, एरोंगो प्रांतातली. मधे अंतर जेमतेम ३०-३५ किलोमीटर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला नामिब वाळवंटाच्या टेकड्या, त्यामधून रस्ता. समुद्रकिनारा म्हटलं की आपल्याला माड आणि दमट घाम आठवतो, इथे दोन्ही नाही. पाऊस वर्षाला २० मिलिमीटरसुद्धा धड पडत नाही आणि भर उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर लागतो.

याचं कारण म्हणजे बेंग्वेला प्रवाह. दक्षिणेकडून येणारं हे थंडगार पाणी वरची हवा गार करतं, त्यामुळे पावसाचे ढग काही बनत नाहीत पण धुकं मात्र भरपूर बनतं, वर्षातले शंभरावर दिवस सकाळी समोरचं काही दिसत नाही अशी अवस्था. वाळवंटातले जीव याच धुक्यावर जगतात. इथला एक काळा भुंगा वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर डोकं खाली, ढुंगण वर करून उभा राहतो, अंगावर धुक्याचे थेंब जमतात आणि घरंगळत थेट तोंडात येतात. माणसांचं मात्र यावर भागत नाही, त्यांना पाणी मिळतं ते क्वीसेब आणि बाकीच्या कोरड्या नद्यांच्या पात्राखालचं, आणि अलीकडे समुद्राचं पाणी गोडं करून. क्वीसेबच्या काठी टोपनार लोक पिढ्यानपिढ्या राहतात, नारा नावाचं काटेरी खरबुजासारखं फळ हा त्यांचा जुना आधार. म्हणजे इतिहास युरोपियन जहाजांपासून सुरू झाला असं लिहितात ते तितकंसं खरं नाही.

पण दोन शहरं का, याचं उत्तर जहाजांमध्येच आहे. या अख्ख्या किनाऱ्यावर चांगलं नैसर्गिक बंदर म्हणजे वॉल्विस बे, कारण पेलिकन पॉइंट नावाची वाळूची लांब जीभ समुद्रात शिरलेली आहे आणि तिच्या आड पाणी शांत राहतं. भारताची वाट शोधायला निघालेला बार्तोलोम्यू दियास डिसेंबर १४८७ मध्ये इथे थांबला होता (वास्को द गामा कालिकतला पोचायच्या दहा वर्षं आधी). नंतर व्हेल मारणारी जहाजं यायला लागली, नावही त्यावरूनच, व्हेलची खाडी. १८७८ मध्ये ब्रिटिशांनी खाडी आणि आसपासचा १,१०० चौरस किलोमीटरच्या वरचा तुकडा ताब्यात घेतला आणि १८८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या आपल्या केप वसाहतीला जोडून टाकला. त्याच वर्षी जर्मनांनी आजच्या नामिबियाच्या बाकीच्या प्रदेशावर हक्क सांगितला, पण तोवर बंदर गेलेलं होतं. घर मिळालं पण दरवाजा शेजाऱ्याचा, अशी गत.

मग १८९२ मध्ये कुर्ट फॉन फ्रांस्वा या जर्मन अधिकाऱ्याने ब्रिटिश हद्द जिथे संपते त्या स्वाकोप नदीच्या उत्तरेला नवं गाव वसवलं. स्वाकोपमुंड म्हणजे स्वाकोपचं मुख. (नामा या स्थानिक लोकांच्या भाषेतल्या मूळ शब्दाचा अर्थ पुराच्या तपकिरी, घाण पाण्यावरून पडलाय आणि तो चारचौघात सांगण्यासारखा नाही.) गाव झालं तरी बंदर कुठे होतं? माणसं आणि माल लाटांमधून होडीने आणायचा, त्यासाठी लायबेरियाहून क्रू जमातीचे नावाडी आणले. १९०३ मध्ये दगडी धक्का बांधून झाला, दक्षिणेकडून वाहत येणारी वाळू त्याच्या आड साठायला लागली आणि दोन-तीन वर्षांत धक्का निकामी. आज त्याच वाळूवर लोक पोहायला जातात. मग लाकडी जेटी झाली, मग १९१२ मध्ये लोखंडी सुरू केली, तीही महायुद्धामुळे अर्धवट राहिली, आता तिच्या टोकाला रेस्टॉरंट आहे.

जर्मन काळातल्या सुबक इमारतींचे फोटो सगळे टाकतात, १९०२ चा दीपस्तंभ, व्होरमान हाऊस वगैरे. पण १९०४ ते १९०८ मध्ये जर्मनांनी केलेल्या इथल्या हेरेरो आणि नामा लोकांच्या वंशसंहारात स्वाकोपमुंडलाच छळछावणी होती, कैद्यांकडून बंदराची हमाली करून घेत, आणि शहराच्या कडेला वाळूत त्यांच्या बिननावाच्या कबरींचे उंचवटे अजून दिसतात. जर्मनीने याला वंशसंहार असं अधिकृतपणे म्हटलं २०२१ मध्ये.

१९१४ च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेचं सैन्य वॉल्विस बेला उतरलं, जानेवारीत स्वाकोपमुंड घेतलं आणि दोन्ही गावांमध्ये रेल्वे टाकली. झालं, एवढ्या खटपटीने उभं केलेलं स्वाकोपमुंडचं बंदर संपलं, सगळा माल खऱ्या बंदरातून जायला लागला. युद्धानंतर जर्मनांचा प्रदेशही दक्षिण आफ्रिकेकडे आला आणि १९२२ पासून दोन्हीकडचा कारभार एकत्रच होता, पण १९७७ मध्ये नामिबिया हातातून जाणार असं दिसल्यावर दक्षिण आफ्रिकेने वॉल्विस बे परत केप प्रांतात घातलं. पुढच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव ४३२ करून ते नामिबियात यायला हवं असं सांगितलं, उपयोग शून्य. २१ मार्च १९९० ला नामिबिया स्वतंत्र झाला तरी देशाचं मुख्य बंदर परक्याकडेच, आणि बहुतेक वेळ कोरड्या असणाऱ्या स्वाकोपच्या पात्राशी आंतरराष्ट्रीय सीमा. १९९२ पासून संयुक्त प्रशासन आणि शेवटी १ मार्च १९९४ ला हस्तांतर.

आता वॉल्विस बे म्हणजे कंटेनर, मासळीचे कारखाने, मिठागरं आणि खाडीत गुलाबी फ्लेमिंगो. स्वाकोपमुंड म्हणजे सुट्टी, जर्मन बेकऱ्या, निवृत्त लोक आणि जवळच्या रॉसिंग युरेनियम खाणीमुळे (१९७६) आलेला पैसा. स्वाकोपमुंडवाले शेजाऱ्यांच्या वासाला नावं ठेवतात आणि अगदीच खोटं नाही ते, कारण मासळी सोडा, समुद्रतळातून अधूनमधून हायड्रोजन सल्फाइड वर येतो तेव्हा सडक्या अंड्यांचा वास सुटतो. वॉल्विस बेच्या थोडं उत्तरेला समुद्रात खांबांवर उभा केलेला एक मोठा लाकडी मंच आहे, १९३० च्या दशकातला, पाणकावळ्यांनी येऊन त्यावर शिटावं आणि ती विष्ठा खरवडून खत म्हणून विकावी यासाठी मुद्दाम बांधलेला, आणि पक्षी अजूनही येतात.