खुलं इंटरनेट आणि कंपन्यांची पकड

खुलं इंटरनेट म्हणजे असं नेट की ज्यात एकदा रिचार्ज मारला की त्या डेटातून काय बघायचं, काय वाचायचं, कुणाला कॉल लावायचा हे वापरणारा ठरवतो, सिम देणारी कंपनी ठरवत नाही. कंपनीचं काम डेटा इकडून तिकडं पोचवायचं एवढंच. हा आपल्या भागीदाराचा डेटा म्हणून सुसाट आणि तो परक्याचा म्हणून रखडत, असा दुजाभाव तिनं करायचा नाही. मोंढ्याच्या गेटवर जशी कुणाच्याही सोयाबीनची गाडी नंबरानं आत गेली पाहिजे, तसंच हे. यालाच नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात, अमेरिकेतले कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी 2003 मध्ये हे नाव रूढ केलं.

कंपन्यांची पकड आणि सरकारनं नियम सैल सोडणं, या दोन्हींमुळं हे खुलेपण जातंय का, असं विचारलं तर उत्तर हो असंच आहे. फक्त ते एका झटक्यात जात नाही, आणि मराठवाड्यासारख्या भागात ते ज्या वाटेनं जातं ती वाट जरा वेगळी आहे.

दुजाभाव कसा करतात

तीन प्रकार आहेत. सरळ बंद करणं, मुद्दाम स्लो करणं, आणि एखादी गोष्ट फुकट देऊन बाकीच्यांना आपोआप महाग करणं. पहिल्याचं जुनं उदाहरण अमेरिकेतलं, 2005 मध्ये मॅडिसन रिव्हर नावाच्या टेलिफोन कंपनीनं व्होनेज या नेटवरून फोनची सेवा देणाऱ्या कंपनीचे इंटरनेट कॉल अडवले, कारण त्यानं तिचा स्वतःचा फोनचा धंदा बसत होता. दुसऱ्याचं उदाहरण कॉमकास्ट या तिथल्याच नेट देणाऱ्या कंपनीचं, 2007 मध्ये ती बिटटॉरेंटचं, म्हणजे लोक एकमेकांना फायली पाठवतात त्याचं, ट्रॅफिक गुपचूप अडवत होती आणि ग्राहकांनी स्वतः तपासून ते उघड केलं. या प्रकारात पकडणं फार अवघड असतं, कारण वापरणाऱ्याला वाटतं आज रेंज नाही, टॉवरचा प्रॉब्लेम असेल, आणि तो मोबाईल बंद-चालू करत बसतो.

तिसरा प्रकार सगळ्यात गोड दिसतो आणि म्हणूनच सगळ्यात घातक, फुकट कोण नको म्हणेल. फेसबुकनं फेब्रुवारी 2015 मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर इंटरनेट डॉट ऑर्ग भारतात आणलं, पुढं त्याचंच नाव फ्री बेसिक्स झालं. गरिबांना नेट फुकट, पण कुठलं नेट, तर फेसबुकच्या अटीत बसणाऱ्या ठरावीक साइट्स. हे चाललं असतं तर लातूरला नीटची तयारी करणाऱ्या गरीब घरच्या पोरासाठी नेट म्हणजे तेवढ्याच साइट्स राहिल्या असत्या, आणि पैसेवाल्याच्या पोराला सगळं जग. चांगल्या हेतूनंही हे झालेलं आहे, विकिपीडियानंसुद्धा विकिपीडिया झिरो नावानं काही देशांत आपली पानं बिनडेटाची केली होती, तो कार्यक्रम 2018 मध्ये बंद केला. हेतू काहीही असो, दार कुणाला उघडायचं हे टेलिकॉम कंपनीच्या हातात जातं.

भारतातली लढाई

डिसेंबर 2014 मध्ये एअरटेलनं जाहीर केलं की स्काइप, व्हायबरसारख्या इंटरनेट कॉलला वेगळा पैसा लागेल. बोंब झाली, योजना मागं घेतली. मग मार्च 2015 मध्ये ट्रायनं, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम करणाऱ्या सरकारी संस्थेनं, सल्लामसलतीचा पेपर काढला आणि त्याच्यावर लोकांनी दहा लाखांहून जास्त ईमेल पाठवले, त्याच काळात एअरटेल झिरो आलं, म्हणजे ॲपवाल्यानं एअरटेलला पैसे भरायचे आणि ग्राहकाला ते ॲप बिनडेटाचं, आणि लोकांचा रेटा बघून फ्लिपकार्ट त्यातून बाहेर पडलं. फेसबुकनं फ्री बेसिक्स वाचवायला वर्षाच्या शेवटी पानभर जाहिराती दिल्या, आपल्याच वापरकर्त्यांकडून ट्रायला तयार मजकुराचे मेसेज पाठवून घेतले. तरीही 8 फेब्रुवारी 2016 ला ट्रायनं नियम काढला की मजकूर बघून डेटाचा वेगळा दर लावता येणार नाही, लावला तर दिवसाला 50 हजार आणि जास्तीत जास्त 50 लाख दंड. जुलै 2018 मध्ये दूरसंचार विभागानं अडवणं आणि स्लो करणं यावर बंदी घालायच्या ट्रायच्या शिफारशीही मान्य केल्या आणि त्या लायसन्सच्या अटींत आल्या.

ह्या नियमाची किंमत ऊसतोडीच्या टोळीत जाऊन बघावी. बीड, जालना, परभणीकडची माणसं दिवाळीच्या आसपास गाव सोडतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात कारखान्याच्या शिवारात कोप्या पडतात, आणि रात्री भाकरी झाली की एका मोबाईलभोवती चार जण बसून गावाकडं ठेवलेल्या लेकरांना, म्हाताऱ्या आईला व्हिडिओ कॉल लावतात. दिवसाचा जो काही जीबी-दीड जीबी डेटा असतो त्यातलाच हा कॉल, त्याला वेगळा भाव नाही. 2014 ची ती योजना तशीच चालू झाली असती आणि सगळ्या कंपन्यांनी तिची री ओढली असती, तर ह्याच कॉलला वेगळा पॅक मारावा लागला असता.

अमेरिकेत काय झालं

तिकडं नियम आला, गेला, परत आला, परत गेला. 2010 चा नियम कोर्टानं 2014 मध्ये मोडला, 2015 मध्ये एफसीसीनं, म्हणजे तिकडच्या ट्रायसारख्या संस्थेनं, नव्या पायावर नियम केला, अजित पै अध्यक्ष असताना डिसेंबर 2017 मध्ये 3 विरुद्ध 2 मतांनी तो काढून टाकला, एप्रिल 2024 मध्ये परत आणला आणि 2 जानेवारी 2025 ला अपील कोर्टानं तोही रद्द केला. नियम काढल्यावर नेट बंद पडेल असं बरेच जण म्हणत होते, तसं झालं नाही हे मान्य केलं पाहिजे. पण त्याचं एक कारण असं की कॅलिफोर्नियासारख्या राज्यांनी 2018 मध्ये आपला स्वतःचा कायदा केला होता. आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात वणवा पेटलेला असताना सांता क्लारा काउंटीच्या अग्निशमन दलाचा डेटा व्हेरायझन या मोबाईल कंपनीनं स्लो केला होता, कारण पॅकची मर्यादा संपली होती. कंपनीनं नंतर ती आपली चूक होती असं सांगितलं आणि हा न्यूट्रॅलिटीचा विषयच नाही असंही म्हटलं. त्यावर वाद होऊ शकतो, पण अशा वेळी दाद कुणाकडं मागायची हा प्रश्न खराच होता, कारण कंपन्यांवर देखरेखीचा अधिकार एफसीसीनं स्वतःच सोडून दिला होता.

मराठवाड्यातली गोष्ट

नियम नको म्हणणाऱ्यांचा मुख्य मुद्दा असा असतो की बाजार आहे ना, एक कंपनी त्रास देते तर गिऱ्हाईक दुसरीकडं जाईल. छत्रपती संभाजीनगरात सिडकोत राहणाऱ्याला हे लागू पडेल, पण बालाघाटच्या डोंगरातल्या वाडीवर नाहीतर किनवटच्या जंगलपट्ट्यात एकाच कंपनीची रेंज येत असेल तर तिथला माणूस कुठं जाणार? इथं घरोघरी नेट पोचलं ते मोबाईलवरून, तेही बहुतेक ठिकाणी जिओ 5 सप्टेंबर 2016 ला सुरू झाल्यावर. त्या दरयुद्धानं डेटा स्वस्त झाला हे शंभर टक्के खरं, आणि त्याच दरयुद्धात एअरसेल बुडाली, रिलायन्स कम्युनिकेशन्सचा मोबाईल धंदा बंद झाला, टेलिनॉर आणि टाटा डोकोमो एअरटेलमध्ये गेल्या, व्होडाफोन-आयडिया 2018 मध्ये एक झाल्या. उरल्या तीन खासगी आणि एक बीएसएनएल.

मग जुलै 2024 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दोन दिवसांच्या आत साधारण 11 ते 25 टक्के दर वाढवले. मोबाईलचे दर बाजारावर सोडलेले आहेत, ट्राय त्यात सहसा पडत नाही, त्यामुळं रोखणारं कुणी नव्हतं. काही महिने लोक बीएसएनएलकडं पोर्ट झाले, पण 4जी सगळीकडं नसल्यानं बरेच परत आले. नियम सैल सोडणं म्हणजे काय हे इथं रिचार्जच्या दुकानात कळतं.

यात भर म्हणजे सरकारी कामं सगळी नेटवर गेलीत. पीक विमा, ई-पीक पाहणी, महाडीबीटीचे अर्ज, सगळं. विम्याची शेवटची तारीख आली की तालुक्याच्या सेवा केंद्रावर आधार कार्ड, सातबारा, पासबुकच्या झेरॉक्स हातात घेऊन रांग लागते, आत पोरगा एका सिमवरून नेट चालत नाही म्हणून दुसऱ्या मोबाईलचं हॉटस्पॉट लावतो, आणि फिरणारं चक्र थांबायची वाट सगळे बघतात. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर न्यायची योजना 2011 ला मंजूर झाली, पुढं तिला भारतनेट म्हणायला लागले, पण वायर पोचणं आणि नेट चालणं यात फार फरक असतो. सार्वजनिक पैशातली ही लाइन नीट चालणं हाच एका कंपनीच्या टॉवरवर अवलंबून राहण्याला खरा पर्याय आहे, आणि त्याकडं लोकप्रतिनिधींचं जेवढं लक्ष पाहिजे तेवढं नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

(मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या काळात जालना, बीड, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत नेट बंद ठेवलं गेलं, तो सरकारी ताब्याचा वेगळा विषय आहे. पण कंपन्या जेवढ्या कमी तेवढं सगळं एकदम बंद करणं सोपं, एवढा संबंध आहेच.)

पाइपाच्या वरचा मजला

लायसन्सचे नियम टेलिकॉम कंपनीला लागू होतात, त्यांच्यावर बसलेल्या ॲप स्टोअर, सर्च, मेसेंजरला नाही. ॲन्ड्रॉइड आणि प्ले स्टोअरवरच्या दादागिरीबद्दल स्पर्धा आयोगानं ऑक्टोबर 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटी आणि 936.44 कोटी असे दोन दंड ठोठावले, त्यातला दुसरा नंतर अपिलात बराच कमी झाला. मार्च 2024 मध्ये फीच्या भांडणातून नोकरी, शादी अशी मोठी भारतीय ॲप्स प्ले स्टोअरवरून काही दिवस गायब झाली होती, मंत्र्यांनी लक्ष घातल्यावर परत आली. अशा मोठ्यांची ही गत, तर परभणीत बसून बाजारभावाचं ॲप बनवणाऱ्या दोन पोरांसाठी मंत्री धावून येणार नाहीत.

आता टेलिकॉम कंपन्यांची नवी मागणी आहे की जास्त डेटा खाणाऱ्या मोठ्या साइट्सनी नेटवर्कच्या खर्चात वाटा द्यावा. ऐकायला रास्त वाटतं, टॉवरला पैसा लागतोच, पण ग्राहकानं त्या डेटाचे पैसे आधीच दिलेले असतात. दक्षिण कोरियात अशी फी घेण्याची पद्धत आहे आणि ट्विच ही गेमचे थेट व्हिडिओ दाखवणारी साइट फेब्रुवारी 2024 मध्ये हाच खर्च परवडत नाही म्हणून तिथून निघून गेली. गुगल, मेटाला ही फी भरणं जमेल, त्यांच्या मागून येणाऱ्या लहान कंपन्यांना जमणार नाही.

भारतातला सगळा बचाव आज ट्रायच्या एका नियमावर आणि लायसन्सच्या अटींवर उभा आहे. 2023 चा दूरसंचार कायदा झाला, त्यात नेट न्यूट्रॅलिटीचं कलम घातलं गेलं नाही. अमेरिकेत नियम एवढ्या वेळा उलटला तो तिथल्या संसदेनं स्पष्ट कायदा केला नाही म्हणूनच, त्यामुळं इथं हे कलम संसदेकडून कायद्यात घालून घेणं ही पुढची मागणी असायला पाहिजे.