१९४७ चं पत्र आणि शनवार तेल्यांची लग्नं

जून १९४७. पॅलेस्टाईनचं काय करायचं हे ठरवायला संयुक्त राष्ट्रांची समिती तिथे येऊन दाखल झाली होती. तिच्यापुढे ज्यूंमधलीच दुफळी उघडी पडली तर सगळं मुसळ केरात जाईल, ही तिथल्या ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेचे, म्हणजे ज्यू एजन्सीचे, प्रमुख डेव्हिड बेन-गुरियन यांची धास्ती. म्हणून १९ जूनला ज्यू एजन्सीनं अगुदत इस्रायल या कर्मठ पक्षाला पत्र धाडलं. शनिवारी सुट्टी, सरकारी स्वयंपाकघरांत कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारचं, अन्न, धार्मिक शाळांना स्वायत्तता आणि विवाहाच्या बाबतीत धर्मनिष्ठांचं समाधान होईल असे प्रयत्न, अशी ही आश्वासनं होती. होऊ घातलेलं ज्यू राष्ट्र धर्मसत्ताक नसेल, हेही त्याच पत्रात होतं.

ही तात्पुरती तडजोड कायमची झाली, ती आकड्यांच्या गणितामुळे. १२० जागांच्या केनेसेटमध्ये, म्हणजे इस्रायलच्या संसदेत, एकट्या पक्षाला आजवर कधीच बहुमत मिळालेलं नाही. १९४९ च्या पहिल्या निवडणुकीत संयुक्त धार्मिक आघाडीला फक्त १६ जागा होत्या, तरी ती सरकारात गेली. पुढच्याच वर्षी राज्यघटना एकसंध न लिहिता टप्प्याटप्प्यानं मूलभूत कायदे करायचं ठरलं. १९४८ मध्ये येशिवांतल्या, म्हणजे धर्मपाठशाळांतल्या, सुमारे ४०० विद्यार्थ्यांना लष्करी सेवेतून सूट मिळाली होती. १९७७ मध्ये पंतप्रधान बेगिन यांना अगुदतचा पाठिंबा हवा होता, तेव्हा या सवलतीवरची संख्येची मर्यादाच उठली.

पण सर्वांत खोल घाव विवाहाचा. धर्मानुसार विवाह-कायदा ही मूळची ऑटोमन तुर्कांची व्यवस्था. ती ब्रिटिशांनी चालू ठेवली आणि १९५३ च्या कायद्यानं ज्यूंचा विवाह व घटस्फोट रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, न्यायालयांकडे सोपवला. त्याची झळ आपल्या कोकणातल्या माणसांना बसली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना आपण शनवार तेली म्हणायचो, ते बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, इस्रायलला गेले आणि लग्नाच्या नोंदणीला उभे राहिले, तर काही रब्बी लग्न लावायलाच तयार होईनात. यांच्या पूर्वजांचे घटस्फोट, पुनर्विवाह धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते का, ही शंका. १९६२ मध्ये मुख्य रब्बी-मंडळानं बेने इस्रायलांची आई, आजी अशी मागची पिढ्यान्‌पिढ्या चौकशी करायचा आदेश काढला. पेण-रोह्याकडे शतकानुशतकं शब्बाथ (शनिवारचा विश्रामदिन) पाळलेल्या घरांना ज्यूपण सिद्ध करायला सांगणं हा उघड अन्याय होता, आणि तो सरकारी शिक्क्यानं झाला.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. ऑगस्टमध्ये केनेसेटनं ठराव केला: बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. मग आदेशातून त्यांचं नाव निघालं आणि ‘ज्यांच्याबद्दल शंका असेल असे’ अशी शब्दयोजना आली. विवाहाचा अधिकार मात्र रब्बींकडेच राहिला. देशांतर्गत नागरी विवाहाची सोय आजही नाही. ज्यांना तो हवा, ती जोडपी सायप्रसला जाऊन लग्न करून येतात आणि परतल्यावर गृहखात्यात नोंद करतात.