घरगुती पीसीबी एचिंग

तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेल्या बोर्डावर हवा तेवढाच तांब्याचा मार्ग राखून बाकीचे तांबे रसायनात विरघळवून टाकण्याच्या पद्धतीला पीसीबी (प्रिंटेड सर्किट बोर्ड, म्हणजे छापील सर्किटचा बोर्ड) एचिंग म्हणतात. हे काम कारखान्याऐवजी घरी, कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा दुरुस्तीच्या दुकानात केले, की ते घरगुती एचिंग. खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, ते मुख्यतः तीन ठिकाणी चालते: डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी, आयटीआयच्या प्रात्यक्षिकांत, आणि मोटारपंपाचे ऑटो स्वीच, पाण्याच्या टाकीचे लेव्हल कंट्रोलर किंवा ठिबकचे टायमर स्वतः बनवणाऱ्या हौशी कारागिरांकडे. शेतीला थ्री-फेज वीज पाळीने आणि बऱ्याचदा रात्री मिळत असल्यामुळे वीज येताच आपोआप पंप सुरू करणाऱ्या सर्किटला इथे कायम मागणी असते.

पद्धतीमागचा विचार जुना आहे. खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळात वर्तमानपत्रांतील चित्रांचे जस्ताचे ब्लॉक असेच बनत. जिथे छाप हवा तिथे आम्लरोधक थर द्यायचा आणि उरलेला भाग आम्लाने खाऊ द्यायचा. छापील सर्किटची कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे श्रेय सामान्यतः व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आइस्लर (१९०७–१९९२) या अभियंत्याला दिले जाते. १९३०च्या दशकात इंग्लंडला गेल्यावर त्याने हे काम केले.

बोर्ड दोन प्रकारचे मिळतात. तपकिरी फिनॉलिक बोर्ड, ज्याला बाजारात अजूनही अनेक जण ‘हायलम’ म्हणतात, स्वस्त आणि कापायला सोपा असतो. ग्लास इपॉक्सी बोर्ड मजबूत असतो, पण त्यात काचेचे तंतू असतात. दोन्हींवरील तांब्याचा थर साधारणपणे ३५ मायक्रॉन, म्हणजे ०.०३५ मिलिमीटर जाडीचा असतो. तांबे आधी घासणीने लख्ख घासून घ्यावे लागते, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे टोनर, म्हणजे लेझर प्रिंटरची काळी पूड, धरत नाही. मग सर्किटचा नकाशा लेझर प्रिंटरवर गुळगुळीत कागदावर उलटा छापून घेतात आणि कोरड्या, गरम इस्त्रीने टोनर तांब्यावर उतरवतात. तालुक्याच्या गावी हे प्रिंट झेरॉक्सच्या दुकानातून आणावे लागते. तिथे प्रिंटर लेझरच आहे ना, हे आधी विचारून घ्यावे. इंकजेटची शाई यासाठी निरुपयोगी असते. बोर्ड पाण्यात भिजवून कागद चोळून काढला की काळ्या रेषा उरतात. कुठे रेष तुटलेली दिसली तर पर्मनंट मार्करने जोडतात.

रसायनांपैकी खानदेशातील दुकानांत आणि प्रयोगशाळांत सर्वाधिक दिसते ते फेरिक क्लोराईड. ते उघड्या तांब्याशी क्रिया करून तांबे द्रावणात ओढून घेते आणि स्वतः फेरस क्लोराईड बनते. फेरिकचे दोन प्रकार असतात. पिवळसर ओलसर खडे पाण्यात शांतपणे विरघळतात. काळपट, निर्जल पावडर पाण्यात पडताच प्रचंड उष्णता सोडते. म्हणून पाणी आधी घ्यायचे आणि पावडर चमच्या-चमच्याने त्यात टाकायची. पावडरीवर पाणी ओतले तर उकळते आम्लधर्मी थेंब तोंडावर उडू शकतात.

हायड्रोक्लोरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साईडचे मिश्रण झटपट काम करते. द्रावण पारदर्शक राहत असल्याने तांबे कुठवर गेले तेही दिसते, म्हणून विद्यार्थ्यांना त्याचे आकर्षण वाटते. पण या मिश्रणातून आम्लाची वाफ आणि क्लोरीन निघतो. क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि आपल्याकडे असली कामे उकिडवे बसून, फरशीवर ट्रे ठेवूनच होतात. शेजारी ठेवलेला कूलर, सायकल, खिडकीचे गज, सोल्डरिंगची हत्यारे सारे काही दिवसांत गंजते. फुप्फुसाचे काय होत असेल ते त्यावरून ताडावे. ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले असून १८ वर्षांखालील व्यक्तीला ते विकता येत नाही. घरात हे मिश्रण वापरूच नये, असे ठामपणे म्हणायला हवे. घाई हे त्यासाठी पुरेसे कारण नाही.

तिसरा पर्याय सोडियम परसल्फेटचा. त्याचे द्रावण स्वच्छ असते आणि फेरिकसारखे तपकिरी डाग पडत नाहीत. मात्र ते तीव्र ऑक्सिडीकारक आहे. कोरडी पावडर कापूस, भुसा, तेल किंवा रॉकेलच्या संपर्कात आली तर आग लागू शकते. वेचणीनंतर घराच्या एका खोलीत छतापर्यंत कापूस भरून ठेवायची रीत इथल्या गावांत आहे. अशा खोलीत हे पाकीट क्षणभरही ठेवू नये.

खानदेशचे हवामान या कामात थेट हस्तक्षेप करते. फेरिक क्लोराईड ४० ते ५० अंश सेल्सिअसला सर्वांत चांगले चालते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास किंवा वर असतो, त्यामुळे त्या दिवसांत द्रावण तापवायची गरजच नसते. सावलीतल्या ट्रेमध्येही बोर्ड दहा-पंधरा मिनिटांत तयार होऊ शकतो. इथेच लक्ष द्यावे लागते, कारण वेळ चुकली तर द्रावण टोनरच्या खालून बाजूने शिरते आणि बारीक ट्रॅक (तांब्याचे मार्ग) तुटतात. उलट धुळ्यात जानेवारीत पारा एक अंकी होतो, तेव्हा तेच काम तासभर रेंगाळते. अशा वेळी ट्रे गरम पाण्याच्या मोठ्या टबात ठेवावा. गॅसवर किंवा चुलीवर फेरिक तापवणे म्हणजे स्वयंपाकघरात आम्लाची वाफ सोडणे होय.

उन्हाळ्याचा दुसरा परिणाम बाटल्यांवर होतो. पेरॉक्साईड आणि परसल्फेटची द्रावणे हळूहळू विघटन पावून ऑक्सिजन सोडतात, आणि उष्णतेत हा वेग वाढतो. पत्र्याच्या खोलीत, घट्ट बूच लावलेल्या बाटलीत ती ठेवली तर बाटली फुगून फुटते. अशी द्रावणे लागेल तेवढीच बनवावीत आणि साठवू नयेत. फेरिकला हा त्रास नाही. ते प्लॅस्टिकच्या बाटलीत बंद करून महिनोन्‌महिने टिकते. त्या बाटलीवर नाव मात्र ठळक लिहिलेले हवे. थंड पेयाच्या बाटलीत भरलेले तपकिरी फेरिक हुबेहूब थंड पेयासारखेच दिसते, आणि घरात लहान मूल असेल तर एवढे कारण पुरेसे आहे.

भांडे प्लॅस्टिकचे किंवा काचेचेच असावे. फेरिक क्लोराईड तांबे, पितळ, लोखंड एवढेच नव्हे तर स्टेनलेस स्टीललाही टोचे पाडते, आणि ॲल्युमिनियमशी तर फसफसून, तापून क्रिया करते. एकदा या कामाला घेतलेला ट्रे किंवा चमचा पुन्हा स्वयंपाकघरात जाऊ नये. बोर्ड उचलायला प्लॅस्टिकचा चिमटा, हातात रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा एवढी तयारी पुरते. नळाला रोज पाणी येत नाही अशा गावांत कामाला बसण्यापूर्वी एक भरलेली बादली आणि तांब्या हाताशी ठेवावा. डोळ्यात थेंब गेल्यास किमान पंधरा मिनिटे सतत पाणी मारावे लागते, आणि तेव्हा टाकीत पाणी आहे का हे पाहायला वेळ नसतो. त्यानंतर दवाखान्यात जावेच, आणि रसायनाचे नाव डॉक्टरांना सांगावे.

या पद्धतीचा सर्वांत दुर्लक्षित भाग बोर्ड तयार झाल्यावर सुरू होतो. वापरलेले फेरिक बहुतेक ठिकाणी मोरीत ओतले जाते. एकाच बाजूला तांबे असलेल्या १० सेंटिमीटर लांब-रुंद बोर्डावर साधारण ३ ग्रॅम तांबे असते. त्यातले निम्मे विरघळले तरी दीड ग्रॅम तांबे द्रावणात येते. सांडपाण्यातील तांब्याची कायदेशीर मर्यादा लिटरला ३ मिलिग्रॅम आहे. तेवढे पातळ करायचे तर या एका बोर्डासाठी ५०० लिटर पाणी लागेल. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने इष्ट मानलेली पातळी लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि त्या हिशेबाने ३०,००० लिटर. शोषखड्डा आणि बोअर एकाच अंगणात असणाऱ्या घरांनी हा हिशेब नीट वाचावा. विरघळलेले तांबे माशांना अत्यंत घातक असते, आणि सेप्टिक टँकमधील उपयुक्त जिवाणूही ते मारते.

यावर केळी पट्ट्यात हमखास एक युक्तिवाद ऐकू येतो: आम्ही बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशक फवाऱ्यात) मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, मारतोच, मग हे द्रावण बांधावर ओतले तर काय बिघडले? एक टक्का बोर्डो मिश्रणात १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, म्हणजे सुमारे २५० ग्रॅम तांबे असते, हे खरे आहे. पण त्यातील आम्लता चुन्याने मारलेली असते, आणि फवारा पानांवर, ठरलेल्या मात्रेत, मोठ्या क्षेत्रावर पसरतो. वापरलेले फेरिक आम्लधर्मी असते, त्यात क्लोराईड असते, आणि ते एकाच जागी ओतले जाते. तिथली माती करपते आणि तांबे तिथेच वर्षानुवर्षे राहते. तरीही बोर्डो मिश्रणाची एक शिकवण इथे नेमकी उपयोगी पडते. मिश्रण बरोबर झाले का हे पाहायला शेतकरी त्यात घासलेला विळा किंवा चाकू बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला, तर तांबे अजून मोकळे आहे आणि चुना कमी पडला, असे समजतात.

वापरलेले फेरिक निकामी करण्याची रीत याच धर्तीची आहे. मोठ्या प्लॅस्टिकच्या बादलीत द्रावणाच्या चार-पाच पट पाणी घ्यावे, त्यात द्रावण सोडावे आणि धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून थोडा थोडा टाकत जावा. भरपूर फेस येतो, म्हणून बादली अर्धीच भरलेली असावी आणि काम उघड्यावर करावे. फेस थांबला आणि पीएच कागदाचा रंग आठच्या आसपास आला की रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी तपकिरी-हिरवट गाळ बसलेला असतो आणि वर नितळ पाणी असते. त्या पाण्यात सँडपेपरने घासलेले लोखंडी पाते पाच-दहा मिनिटे धरावे. तांबूस छटा आली तर सोडा कमी पडला आहे. ही परीक्षा ढोबळ आहे, प्रयोगशाळेच्या तपासणीची जागा ती घेत नाही. पण डोळे मिटून ओतण्यापेक्षा ती शतपटीने बरी. चुन्यानेही हेच काम होते. मात्र तो विझवलेला असावा, कळीचा चुना थेट टाकू नये.

अमोनियम परसल्फेट वापरले असेल तर ही रीत लागू पडत नाही. सोडा किंवा चुना टाकल्यावर अमोनियाचा वास उसळतो आणि तांबे गडद निळ्या रूपात विरघळलेलेच राहते. याच एका कारणासाठी अमोनियमऐवजी सोडियम परसल्फेट घ्यावे.

गाळ जुन्या सुती कापडातून गाळून वाळवावा आणि झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात नाव लिहून ठेवावा. तो घंटागाडीत, खतात किंवा परसात जाता कामा नये. नितळ पाण्यात मीठ असते, म्हणून तेही झाडांना घालू नये. खानदेशी उन्हाळ्यात ते उथळ टबात जाळी घालून आटवून टाकणे सर्वांत सोपे; टब मात्र शेळ्या, कोंबड्या आणि मुलांच्या वाटेत नसावा.

घातक कचऱ्यासाठी देशात २०१६ चे नियम लागू आहेत, आणि तो स्वीकारणारी केंद्रे महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठिकाणी आहेत. चोपडा किंवा शहाद्याचा विद्यार्थी अर्धा लिटर द्रावण घेऊन तिथे जाणार नाही. त्यामुळे ही जबाबदारी प्रयोगशाळेने घेणे व्यवहार्य ठरते: विभागात एकच झाकणाचा पिंप असावा, वर्षभराचे द्रावण त्यात जमा व्हावे, सत्र संपताना ते एकत्र निकामी करावे आणि वाळलेला गाळ संस्थेमार्फत रवाना व्हावा. प्रोजेक्टच्या गुणांत द्रावणाच्या विल्हेवाटीचेही गुण ठेवले तर ही सवय एका वर्षात लागेल.

बोर्डाला भोके पाडतानाही जपावे लागते. घटकांच्या पायांसाठी ०.८ ते १ मिलिमीटरचे ड्रिल लागते. ग्लास इपॉक्सीची धूळ घशाला आणि त्वचेला टोचते, म्हणून मास्क लावावा आणि कूलरच्या झोतात बसून ड्रिल करू नये. धूळ ओल्या फडक्याने टिपावी. सोल्डरच्या तारेत बहुधा शिसे असते, त्यामुळे जेवण्याआधी हात साबणाने धुवावेत.

घरी बनवलेला बोर्ड कुठे लावायचा याचीही मर्यादा आहे. त्यावर सोल्डर मास्कचा, म्हणजे तांब्याचे मार्ग झाकणारा संरक्षक थर नसतो, आणि पंपाच्या पेटीत धूळ, दमट हवा, मुंग्या आणि पाली असतात. थ्री-फेजची ४१५ व्होल्टची जोडणी अशा उघड्या ट्रॅकवरून नेऊ नये. बोर्डावर १२ व्होल्टचे नियंत्रण ठेवावे, आणि मोटारीचा भार बाजारातील प्रमाणित काँटॅक्टरवर (जास्त भार पेलणाऱ्या विजेवर चालणाऱ्या स्वीचवर) सोपवावा. तयार बोर्ड आता ऑनलाइन मागवता येतात आणि पाच-दहा नगांसाठी तेच परवडतात. घरच्या एचिंगला अर्थ उरतो तो एखाद-दुसऱ्या बोर्डासाठी, आज रात्री चूक सापडून उद्या सकाळी सुधारलेला बोर्ड हवा असेल तेव्हा, आणि शिकण्यासाठी.