बेसचे फ्रेट बदलायचेत: निकेल सिल्व्हर की स्टेनलेस?

बेस गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब दांड्यावर, बसवलेल्या आडव्या धातूच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट. त्या ज्यापासून बनतात त्या दोन्ही वायरचे नवे तुकडे शेजारी शेजारी ठेवले तर पहिल्या नजरेत फरक कळतच नाही, दोन्ही चकचकीत, दोन्ही चंदेरी, आणि म्हणूनच बरेच बेसिस्ट रिपेअरवाल्याला "चांगली वायर टाका" एवढंच सांगून मोकळे होतात. उजेडात नीट धरून बघा, निकेल सिल्व्हरला किंचित पिवळसर झाक असते, स्टेनलेस जरा निळसर पांढरं दिसतं. तरीही शंका असेल तर टोकाला कानस लावा: निकेल सिल्व्हरवर ती लगेच धरते, स्टेनलेसवर बराच जास्त जोर लावावा लागतो.

निकेल सिल्व्हर म्हणजे आपल्याकडे ज्याच्या पूजेच्या वस्तू मिळतात ते जर्मन सिल्व्हरच. त्यात चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त, बस. वायरवर 18% लिहिलेलं असतं ते निकेलचं प्रमाण. कडकपणा मोजायच्या विकर्स मापात त्याचा आकडा साधारण 200 आणि स्टेनलेसचा 300 च्या आसपास. म्हणजे स्टेनलेस जास्त टिकणार यात वादच नाही, पण तेवढ्यावरून निर्णय घेऊ नका.

गिटारवर फ्रेट झिजतात ते बरेचसे बेंडिंगमुळे, म्हणजे स्ट्रिंग आडवी ओढल्यामुळे. बेसवर बेंडिंग कमी, पण स्ट्रिंग जाड आणि तिच्यावरची गुंडाळी खरबरीत. जुन्या बेसच्या तिसऱ्या किंवा पाचव्या फ्रेटवर, ई स्ट्रिंगच्या बरोबर खाली, भिंग धरून बघा. तिथे नुसता खड्डा नसतो, खड्ड्याच्या तळाला बारीक बारीक दाते उमटलेले असतात. ते त्या गुंडाळीचे. प्रत्येक व्हायब्रॅटोला, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवताना, स्ट्रिंग त्या जागी करवतीसारखी मागेपुढे सरकते आणि दाते खोल होत जातात. त्यामुळे पहिला प्रश्न हा की तुम्ही स्ट्रिंग कुठल्या लावता. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसिस्ट जेम्स जेमरसन तिथे फ्लॅटवाउंडवर, म्हणजे चपट्या तारेची गुंडाळी असलेल्या स्ट्रिंगवर, वाजवत राहिला, तशा गुळगुळीत स्ट्रिंगखाली निकेल सिल्व्हर वर्षानुवर्षं टिकतं, स्टेनलेसवर पैसे घालायची काहीच गरज नाही. निकेल प्लेटेड राउंडवाउंड (गोल तारेची, खरबरीत गुंडाळी) आणि हात हलका असेल तरी तेच म्हणेन. पण रोटोसाउंड स्विंग बेस 66 सारख्या स्टीलच्या राउंडवाउंड, वर पिकने दणकून वाजवणं, आठवड्याला दोन-तीन शो, असं असेल तर निकेल सिल्व्हर खरंच खाल्लं जातं, तिथे स्टेनलेस वसूल होतं.

आवाजाबद्दल भांडणं खूप चालतात. माझं मत विचाराल तर स्टेनलेसवर स्ट्रिंग आपटल्याचा खणखणाट जरा जास्त येतो, स्लॅप करणाऱ्याला, म्हणजे अंगठ्याने स्ट्रिंगवर ठोकून वाजवणाऱ्याला, तो आवडेलही, पण जुन्या स्ट्रिंग काढून नव्या लावल्यावर जेवढा फरक पडतो त्यापुढे हा काहीच नाही.

खरा फरक पडतो तो काम करणाऱ्याला, आणि तो कुणी आधी सांगत नाही. निकेल सिल्व्हर हातोडीने ठोकलं की बोर्डच्या (फ्रेट ज्यात बसतात ती नेकवरची लाकडी पट्टी) गोलाईत निमूट बसतं. स्टेनलेसला स्प्रिंग असते, वायर आधी बोर्डपेक्षा थोडी जास्त वाकवून घ्यावी लागते, नाहीतर फ्रेटची टोकं वर उचलली जातात आणि मग जी स्ट्रिंगवर बझ, म्हणजे झणझण. साधे कटर बोथट होतात, क्राऊनला, म्हणजे फ्रेटचा माथा गोल करायला, डायमंड कानस लागते, कानशीचे ओरखडे पॉलिशने घालवायलाही दुप्पट वेळ. मजुरी जास्त सांगितली तर ती रास्त आहे. आणि ज्याने स्टेनलेस कधी बसवलेलंच नाही त्याला तुमच्या बेसवर शिकू देऊ नका, नीट बसवलेलं निकेल सिल्व्हर हे वाईट बसवलेल्या स्टेनलेसपेक्षा कधीही चांगलं. (निकेलची ॲलर्जी असेल तर एव्हो गोल्ड ही तांब्याच्या मिश्रधातूची वायर बघा, त्यात निकेल नसतं, कडकपणाही दोघांच्या मधला.)

आता एक घोळ. "स्टेनलेसवर हात काय मस्त सरकतो, मला तेच पाहिजे" म्हणणाऱ्यांच्या बेसवर अनेकदा मटेरियलसोबत साइजही बदललेली असते. जेस्कर या फ्रेट वायर बनवणाऱ्या कंपनीच्या नंबरात हे सरळ वाचता येतं, 43080 म्हणजे उंची 0.043 इंच, रुंदी 0.080, जुन्या फेंडर बेससारखी बारीक. 57110 म्हणजे 0.057 उंच, 0.110 रुंद, जंबो. बोटाला आधी जाणवते ती उंची. उंच फ्रेटवर जोरात दाबायची सवय असेल तर सूर वर जातो, म्हणून हात जड असेल तर मटेरियल कुठलंही घ्या, उंची मध्यम ठेवा.

ऑर्डर देण्याआधी टँग, म्हणजे खाचेत जाणारा भाग, जरूर तपासा. जुने फ्रेट काढल्यावर खाच मोजायची आणि मगच वायर घ्यायची. टँग खाचेपेक्षा बराच जाड असला तर वीस फ्रेट मिळून नेकला मागे वाकवतात, स्टेनलेसमध्ये तर जास्तच, कारण ते दबत नाही, लाकूडच सरकतं. आणि नटचा, म्हणजे नेकच्या टोकाला स्ट्रिंग ज्या खाचांतून जातात त्या पट्टीचा, खर्च आधीच धरून ठेवा. जुन्या झिजलेल्या फ्रेटच्या हिशेबाने कापलेला नट नव्या उंच फ्रेटला खोल पडतो, मोकळी स्ट्रिंग पहिल्या फ्रेटवर वाजायला लागते, आणि लोक दोष देतात नव्या वायरला.